रँग्लर परांजप्यांची प्रिन्सिपॉलकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहेरगावचे पाहुणे आले की रविवारी सकाळी मी त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात फिरवून आणतो. मेन बिल्डिंग, अ‍ॅम्फी थिएटर, मागची टेकडी, मग रस्त्यावर येऊन चहा. वाटेत रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांचा विषय निघतोच, आणि दर वेळी प्रश्न साधारण तेच असतात. तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं म्हटलं.

रँग्लर परांजपे एका वाक्यात कोण?

केंब्रिजमध्ये गणितात पहिले आलेले पहिले भारतीय, आणि त्यानंतर दोन दशकं पुण्यात एका कॉलेजचा कारभार पाहणारे गृहस्थ. लोकांना वाक्याचा पहिला अर्धा भाग ठाऊक असतो. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे त्याच्यावर जास्त लिहिलं आहे.

रँग्लर म्हणजे नेमकं काय? पदवी का?

पदवी नव्हे. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात. पूर्वी परीक्षा म्हणजे तोंडी वादविवाद असायचा, त्यातला जो वाद घालणारा तो रँग्लर. १९०९ पर्यंत निकाल क्रमवारीने लागत आणि सिनेट हाउसमध्ये यादी मोठ्याने वाचून दाखवत. त्यात पहिला येणारा तो सिनियर रँग्लर. हे पहिलेपण किती अवघड होतं ते पाहायचं तर मागे दुसऱ्या नंबरवर कोण कोण राहिलं ते बघा : विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, १८४५ मध्ये दुसरे, मॅक्सवेल १८५४ मध्ये दुसरे. परांजप्यांच्या आदल्याच वर्षी, १८९८ मध्ये, जी. एच. हार्डी चौथे आले होते, म्हणजे पुढे रामानुजनना केंब्रिजला नेणारे हार्डी.

१८९९ साली परांजपे जॉर्ज बर्टविसल नावाच्या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून पहिले आले. विभागून म्हटलं की काही पाहुण्यांचा चेहरा पडतो. पडू नये. विभागून पहिला म्हणजे पहिलाच.

'काळ'कर्ते परांजपे हेच का?

नाही. 'काळ' साप्ताहिक काढणारे ते शिवराम महादेव, म्हणजे शि. म. परांजपे, महाडचे. हे रघुनाथ पुरुषोत्तम, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, जन्म १६ फेब्रुवारी १८७६. एकाचं राजकारण जहाल, दुसऱ्याचं नेमस्त. दोघांची गल्लत किती चमत्कारिक आहे ते खाली सावरकरांच्या प्रश्नात कळेल.

इंटरनेटवर शोधताना आणखी एक अडचण येते. यांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग शेवटी पी-वाय-ई असं आहे. नेहमीच्या स्पेलिंगने शोधलंत तर निम्मं सापडतच नाही.

मुर्डीहून केंब्रिजपर्यंत पोचले कसे?

वाटेत धोंडो केशव कर्वे होते म्हणून. कर्वे नात्याने भाऊ, वयाने अठरा वर्षांनी मोठे. त्यांनी या मुलाला शिक्षणासाठी आपल्याकडे ठेवून घेतलं. १८९१ मध्ये गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसनला गणित शिकवायला आले. टिळकांनी १८९० मध्ये फर्ग्युसन चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली होती, तिथली गणिताची खुर्ची रिकामीच होती. रघुनाथही फर्ग्युसनमध्येच शिकला. पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ मध्ये विलायतेला, सेंट जॉन्स कॉलेजात. रँग्लर झाल्यावर त्याच कॉलेजची फेलोशिप मिळाली.

गंमत पुढे आहे. परांजपे १९०२ मध्ये प्रिन्सिपॉल झाले आणि कर्वे १९१४ पर्यंत त्याच कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. म्हणजे ज्याला घरात ठेवून शिकवलं, त्याच्याच हाताखाली थोरल्या भावाने बारा वर्षं नोकरी केली. आपल्याकडच्या स्टाफरूमचा ज्यांना अनुभव आहे त्यांनी ही परिस्थिती डोळ्यांसमोर आणून पाहावी.

केंब्रिजची फेलोशिप हातात असताना पुण्याला परत कशाला आले?

शब्द दिला होता म्हणून. हे समजायला 'लाइफ मेंबर' ही भानगड समजून घ्यावी लागते, आणि ती समजली नाही तर पुण्यातल्या जुन्या शिक्षणसंस्थांचं काहीच समजत नाही.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली आणि जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. कल्पना अशी की संस्था धनिकांच्या हाती नको, सरकारच्याही नको, शिकवणाऱ्यांच्याच हाती असावी. त्यासाठी शिक्षकांनी आजीव सदस्य व्हायचं : वीस वर्षं सेवेची बांधिलकी आणि पगार सगळ्यांना पोटापुरता. महिना ७५ रुपयांचा आकडा गोखल्यांच्या चरित्रात आणि परांजप्यांच्याही गोष्टीत येतो. सरकारी शिक्षणखात्यात त्या काळी विलायती पदवीधराला याच्या कितीतरी पट पगार होता.

या व्यवस्थेतला प्रिन्सिपॉल मालक नसतो. संस्थेचा कारभार आजीव सदस्य बैठकीत मतं मोजून करत, आणि प्रिन्सिपॉल हा त्यांच्यातलाच एक. प्राध्यापकांना नुसता हुकूम सोडून भागत नाही, पटवून द्यावं लागतं. शिवाय सरकारी ग्रँट घेतली की इन्स्पेक्शन आलं, आणि अभ्यासक्रम व परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या, कारण पुण्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९४९ उजाडलं. तीन बाजूंनी ओढाताण, आणि मधल्या खुर्चीत पंचविशी नुकती ओलांडलेला माणूस.

वामन शिवराम आपटे, आगरकर, महादेव शिवराम गोळे आणि चौथे परांजपे असा प्रिन्सिपॉलांचा क्रम. गोखलेही १९०२ मध्येच फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. गुरू बाहेर पडले त्याच वर्षी शिष्य खुर्चीवर बसला.

सावरकरांना दंड करणारे प्रिन्सिपॉल हेच ना?

हो. हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजावरून उत्तर कुठलं हवंय तेही कळतं.

१९०५ साल. बंगालच्या फाळणीवरून वातावरण पेटलेलं. विनायक दामोदर सावरकर तेव्हा फर्ग्युसनच्या वसतिगृहात राहून बी.ए. करत होते. दसऱ्याच्या सुमारास पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. मिरवणूक निघाली, टिळक हजर होते, आणि सभेत बोलणाऱ्यांत शि. म. परांजपे होते. म्हणजे एक परांजपे होळीपाशी उभे, आणि दुसऱ्या परांजप्यांनी त्याच होळीबद्दल विद्यार्थ्याला दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढलं.

'केसरी'त त्यावर अग्रलेख आला : 'हे आमचे गुरूच नव्हेत'. इकडे विद्यार्थ्यांनी दंडासाठी वर्गणी जमवली, ती दहा रुपयांहून जास्त निघाली, आणि वरची रक्कम स्वदेशी उद्योगांसाठीच्या पैसाफंडाला गेली असं सांगतात. दहा रुपये तेव्हा किती, हे लक्षात घ्यायचं तर वर लिहिलेला प्राध्यापकाचा पगार आठवा.

परांजप्यांची बाजू काय? ते नेमस्त, गोखल्यांच्या मुशीतले. विद्यार्थ्यांनी विद्यार्थिदशेत राजकारणात उतरू नये असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. वर ग्रँटचा प्रश्न होता. सरकारची मर्जी गेली की सगळ्या संस्थेचा गळा आवळला जाणार, हे प्रिन्सिपॉलला दिसत होतं. टिळकांच्या अग्रलेखामागेही निव्वळ होळी नव्हती. ज्या संस्थेच्या उभारणीत स्वतः होते आणि जी भांडून सोडली, तिच्याबद्दलचा पंधरा वर्षांचा सल होता.

माझं मत विचाराल तर शिक्षा चुकली. दंड करून भागलं असतं, परीक्षेच्या तोंडावर मुलाचं अंथरूण बाहेर काढायची गरज नव्हती. पण या एका प्रसंगावरून वीस वर्षांच्या कामाचा निकाल लावणारे लोक भेटतात तेव्हा मी त्यांना चहा पाजतो आणि पुढचा प्रश्न वाचायला सांगतो.

कॉलेजच्या भिंतीबाहेर समाजासाठी काय केलं?

सगळ्यात मोठं काम प्राथमिक शिक्षणाचं. त्याची गोष्ट गोखल्यांपासून सुरू होते. १९११ मध्ये गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, पुढच्या वर्षी ते पडलं. १९१५ मध्ये गोखले गेले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांनी मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा झाला.

१९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, स्थानिक स्वराज्य अशी खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे आणि तिजोरी, पोलिस गव्हर्नरच्या माणसांकडे. मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये शिक्षणमंत्री झाले ते परांजपे. त्यांनी सर नारायण चंदावरकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेला, आणि सक्ती शहरांपुरती न राहता लोकल बोर्डांच्या हद्दीतल्या खेड्यांपर्यंत नेण्याची वाट कागदावर तरी मोकळी झाली.

कागदावर म्हणतो कारण पैसा दुसऱ्या खात्याच्या ताब्यात होता. शाळा काढायचा अधिकार मंत्र्याचा आणि ती चालवायचा खर्च मंजूर करणारा वेगळाच. मंत्रिपद भोगणाऱ्या अनेकांनी नंतर या पद्धतीबद्दल हीच तक्रार केली. १९२४ मध्ये सुधारणांची चौकशी करायला मडिमन समिती बसली, तिच्यात परांजपे होते, आणि सप्रू, शिवस्वामी अय्यर, जिना यांच्याबरोबर त्यांनी अल्पमताच्या अहवालावर सही केली : द्विदल पद्धती मुळातच चालण्यासारखी नाही, डागडुजी करून उपयोग नाही. सरकारधार्जिणा म्हणून ज्यांना हिणवलं जाई, त्या माणसाची ही सही आहे.

शाळा-कॉलेजांवर बहिष्कार घालायच्या असहकाराच्या कार्यक्रमाला मात्र त्यांचा विरोध होता. लोकप्रियता त्यामुळे गेली, ती गेलीच.

गणितात संशोधन काय केलं?

नाव राहील असं नाही. 'एवढा हुशार माणूस कारकुनीत वाया गेला' ही हळहळ मी बरीच ऐकली आहे, गणितवाल्यांकडून तर जास्तच. तिच्यात तथ्य आहे. कॉलेज चालवताना संशोधन होत नाही, आजही होत नाही.

पण एक गोष्ट या हळहळीत सुटते. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने देशातल्या गणितप्रेमींची संस्था निघाली, तीच पुढची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. तिचं ग्रंथालय ठेवलं गेलं फर्ग्युसन कॉलेजात. विलायतेतली, जर्मनीतली नियतकालिकं पुण्याला यायची आणि टपालाने गावोगावच्या सभासदांकडे फिरायची. एखाद्या लांबच्या गावात गणित शिकवणाऱ्या मास्तरला जगात काय चाललंय ते बघायची हीच खिडकी. याच सोसायटीच्या नियतकालिकात १९११ मध्ये रामानुजनचा पहिला लेख छापून आला. स्वतः सिद्धान्त मांडणं वेगळं आणि दुसऱ्याला कागद पोचवणं वेगळं, पण दुसरं काम करायलाही कुणीतरी लागतं.

कुलगुरू कुठे कुठे होते?

दोन ठिकाणी. आधी लखनौ, १९३२ ते १९३८. लखनौ विद्यापीठ तेव्हा कोवळं होतं, पण माणसं तोलामोलाची : वनस्पतिशास्त्रात बिरबल साहनी, समाजशास्त्र-अर्थशास्त्रात राधाकमल मुखर्जी. त्यानंतर पुणे, १९५६ ते १९५९. पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर, आणि त्यांच्यामागून हे.

पुण्याचे कुलगुरू झाले तेव्हा वय ऐंशी. पंचविशीत ज्या गावात प्रिन्सिपॉल झाले त्याच गावात ऐंशीव्या वर्षी कुलगुरू. फर्ग्युसनपासून विद्यापीठाची गणेशखिंड काही फार लांब नाही, पण मधे मुंबईचं मंत्रिमंडळ, लंडन, लखनौ आणि ऑस्ट्रेलिया झालं. १९५८ मध्ये, वयाची शंभरी गाठलेल्या कर्व्यांना भारतरत्न मिळालं तेव्हा विद्यापीठाच्या खुर्चीवर त्यांनीच घरात ठेवून शिकवलेला रघुनाथ बसलेला होता.

ऑस्ट्रेलियाचं काय?

१९४४ ते १९४७ तिथे भारताचे हायकमिशनर. त्याआधी १९२७ ते १९३२ लंडनला भारतमंत्र्यांच्या कौन्सिलवर. 'सर' ही पदवी १९४२ ची.

नास्तिक होते हे खरं का?

पूर्ण खरं, आणि उघडपणे. ते शिकत होते तेव्हा फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल आगरकर होते, हे विसरू नका. पुढे बुद्धिवादी चळवळीत भारतभर त्यांचं नाव आदराने घेतलं जाई. पुण्यासारख्या गावात, जिथे एखाद्या नवख्या प्राध्यापकाने शेंडी ठेवली की नाही यावरही वाड्यात चर्चा व्हायची, तिथे कॉलेजच्या मुख्याने देव मानत नाही म्हणून सांगायचं आणि तरीही पालकांनी मुलं त्याच्याकडे पाठवायची, याचं मला कौतुक वाटतं. दोन्ही बाजूंचं.

सई परांजपे त्यांच्या कोण?

नात. मधली कडी शकुंतला परांजपे, रँग्लरांची मुलगी, जन्म १९०६. त्याही केंब्रिजला गणित शिकल्या, मग जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेत नोकरी केली. भारतात परतल्यावर संततिनियमनाचं काम हाती घेतलं, तेही त्या विषयाचं नाव काढलं तरी लोक खाली मान घालत अशा काळात. याच विषयावर 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे र. धों. कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, म्हणजे पुन्हा तेच घराणं. रधों स्वतः गणिताचेच प्राध्यापक होते आणि याच कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावून बसले. शकुंतलाबाई १९६४ ते १९७० राज्यसभेवर होत्या, १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं.

सईंचा जन्म १९३८ चा, लखनौचा. सन जुळवून पाहिलंत तर आजोबांची कुलगुरूपदाची मुदत संपत आली होती ते वर्ष. लहानपणीची काही वर्षं आजोबांबरोबर ऑस्ट्रेलियात गेली. घरात आजोबांना अप्पा म्हणत.

आजचे प्राचार्य तसे का दिसत नाहीत?

हा प्रश्न निवृत्त मंडळी विचारतात. नेमणूक, पगार, फी, प्रवेश, आरक्षणाचा रोस्टर यांतलं आजच्या प्राचार्याच्या हातात काय असतं ते आधी विचारा. आणि त्या काळचे सगळे प्राचार्य परांजप्यांसारखे होते असंही नाही. रँग्लर प्रिन्सिपॉल मात्र फर्ग्युसनला पुढेही मिळाले : ग. स. महाजनी, आणि तेही पुढे कुलगुरू झाले.

फर्ग्युसनमध्ये आज काय बघता येतं?

मेन बिल्डिंग आहे तशी आहे, दगडी जिना, उंच छत. सावरकरांची वसतिगृहातली सतरा नंबरची खोली जपून ठेवली आहे, एरवी तिला कुलूप असतं, जयंती-पुण्यतिथीला उघडतात आणि तेव्हा रांग लागते. फर्ग्युसन रस्ता म्हणून सगळं गाव ज्याला ओळखतं त्याचं पाटीवरचं नाव नामदार गोपाळकृष्ण गोखले पथ. पाटी वाचणारा अजून भेटायचा आहे.

ज्या मुलाला काढलं त्याची खोली बघायला लोक येतात, काढणाऱ्या प्रिन्सिपॉलचं ऑफिस कुठे होतं हे मला आजवर एकाच पाहुण्याने विचारलं. ती मिरजेहून आलेली एक निवृत्त मुख्याध्यापिका होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून तिने कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सगळ्यांच्या शिव्या खायची खुर्ची कुठे होती ते बघायचंय." मला नक्की जागा दाखवता आली नाही.

आत्मचरित्र आहे का?

आहे, इंग्रजीत, १९६१ चं. नाव 'एटी-फोर नॉट आउट', क्रिकेटवाल्याने ठेवावं तसं. पुढे आणखी काही धावा निघाल्या. ६ मे १९६६ रोजी पुण्यात वारले तेव्हा नव्वदी पार झाली होती.